अजून चालेल

आमच्या घरांत कोणतीहि वस्तु सहजासहजीं मरत नाहीं. लुगडें विरलें कीं त्याची गोधडी होते, गोधडी फाटली कीं तिचें पायपुसणें होतें, आणि पायपुसण्याच्या अखेर ज्या चिंध्या उरतात त्या कंदिलाच्या कांचा पुसण्यासाठीं एका डब्यांत भरून ठेवावयाच्या, असा क्रम आमच्या आजीच्या काळापासून चालत आला आहे. आतां घरांत कंदील लागत नाहीं. डबा मात्र भरलेला आहे. हा गुण आमच्याहि अंगीं पुरता उतरला आहे. एखादी वस्तु टाकून देण्याची गोष्ट निघाली कीं आम्ही ती हातांत घेतों, एकदां उलटीसुलटी करून पाहतों, आणि न्यायाधीशानें निकाल द्यावा तशा गंभीरपणें दोनच शब्द उच्चारतों : ‘अजून चालेल.’ या दोन शब्दांत काटकसर आहे, कृतज्ञता आहे, आणि थोडेंसें शहाणपणहि आहे, अशी आमची पुष्कळ वर्षें समजूत होती. त्या समजुतीचें पुढें काय झालें तें येथें सांगावयाचें आहे.

गेल्या वैशाखांत आमचा एक पुतण्या आमच्याकडे गांवीं चार दिवस राहावयास आला होता. तो इंजिनियर असून विमानांच्या देखभालीचें काम करतो. एके रात्रीं समोरच्या डोंगरास वणवा लागला, आणि जेवणें आटोपून आम्ही अंगणांत तो पाहत बसलों. वणवा दुरून सुंदर दिसतो. अंधारांत डोंगराच्या गळ्यांत कोणी सोन्याची सांखळी घालावी तसा. पण ज्यानें तो जवळून पाहिला आहे त्याला हें सौंदर्य फार वेळ पाहवत नाहीं. आमच्या लहानपणीं वणवा वाडीच्या रोखानें उतरूं लागला कीं घरोघरचे पुरुष ऐनाच्या ओल्या डहाळ्या घेऊन धांवत आणि कडेची आग झोडपून काढीत. वारा अनुकूल असला तर ती विझे. वारा फिरला तर डहाळ्या टाकून पळावें लागे. उन्हाळा भरांत येण्यापूर्वीं रानांतील गवताचा एक पट्टा आधींच जाळून जी जाळरेषा काढतात ती, आणि या डहाळ्या, एवढेच काय ते उपाय आम्हांस ठाऊक.

पुतण्या म्हणाला, “काका, अमेरिकेंत या कामाला विमानें लावतात.”

आम्हांस हसूं आलें. “अरे, शंभर माणसांनीं झोडपून जी आग विझत नाहीं ती वरून शिंपडलेल्या पाण्यानें काय विझणार?”

“विझत नाहींच,” तो शांतपणें म्हणाला. “विमान आग विझवीत नाहीं, काका. तें खालच्या माणसांना वेळ मिळवून देतें.”

हें वाक्य आमच्या मनांत रुतलें, आणि त्यानें त्या रात्रीं जें सांगितलें तें पुढें आम्हीं स्वतः वाचून पडताळूनहि पाहिलें. मोठ्या विमानांतून टाकतात तें बहुधा नुसतें पाणी नसतें. त्यांत अमोनियम फॉस्फेटसारखे क्षार मिसळलेले असतात, आणि तें मिश्रण ज्वाळांवर न टाकतां ज्वाळांच्या पुढें, अद्याप न पेटलेल्या गवतावर व झाडांवर टाकतात. असें क्षार बसलेलें गवत तापलें तरी सहसा भडकत नाहीं. त्यांतून पेटणारा वायु कमी निघतो आणि तें नुसतें कोळसून जातें. आधीचा पट्टा कोठें संपला तें वैमानिकास दिसावें म्हणून त्यांत लोखंडाच्या गंजाचा तांबडा रंग घालतात. आणि पडतां पडतां पाण्याचें धुकें होऊन तें वाऱ्यावर उडून जाऊं नये म्हणून त्यास दाटपणा आणतात. तो कशानें आणीत असतील? कांहीं मिश्रणांत चक्क गवारीच्या बियांच्या डिंकानें! जगांतील गवारीचा फार मोठा भाग आपल्या राजस्थानांत व त्याच्या आसपास पिकतो. ज्या भाजीला बालपणीं आम्हीं नित्य नाक मुरडलें, तिचें बीं परदेशच्या डोंगरांत आगीची वाट अडवितें हें ऐकून आम्हीं तिची मनोमन क्षमा मागितली. सारांश, विमान करतें तें काम जाळरेषेचेंच. ती आकाशांतून काढलेली असते एवढाच फरक. तिच्या आधारानें आगीला गांठणारीं माणसें कुदळ-फावडें घेऊन जमिनीवर असावींच लागतात.

या विद्येची पाळेंमुळें अशाच माणसांच्या मरणांत आहेत. १९५३ सालच्या जुलै महिन्यांत उत्तर कॅलिफोर्नियांतील मेंडोसिनो राष्ट्रीय अरण्यांत वणवा पेटला असतां रात्रीं वारा एकाएकीं फिरला, आणि आग विझविण्यास गेलेलीं १५ माणसें जळून मेलीं. पुढें दोन वर्षांनीं त्या अरण्याच्या अग्निनिवारणाचे अधिकारी जो इली यांनीं विलोज गांवचे वैमानिक फ्लॉइड नोल्टा यांना विचारलें कीं, विमानांतून आगीवर पाणी टाकतां येईल काय? नोल्टा यांचा धंदा शेतांवर विमानानें फवारणी करण्याचा. त्यांनीं ‘स्टियरमन’ जातीचें, मुळांत लष्करांतील वैमानिकांच्या शिक्षणासाठीं बांधलेलें एक दुपंखी विमान घेतलें, त्याच्या पोटाला भोंक पाडून तेथें उघडझापीचें दार बसविलें, आणि आंत १७० गॅलनांची टाकी ठेविली. १९५५ च्या ऑगस्टांत त्या विमानानें खऱ्या वणव्यावर पाणी टाकलें, आणि दुसऱ्या वर्षीं तशा सात विमानांचें पथक उभें राहिलें.

मग लढाईहून परतलेल्या जुन्या विमानांची रांगच लागली. जेथें बाँब ठेवीत तेथें टाक्या बसल्या. कॅनडांत तर अमेरिकन आरमारानें मालवाहतुकीसाठीं बांधलेलीं व पुढें भंगारांत निघालेलीं ‘मार्टिन मार्स’ नांवाचीं चार प्रचंड जलविमानें १९५९ च्या सुमारास या कामासाठीं विकत घेण्यांत आलीं. एकेकाच्या पंखांचा विस्तार ६१ मीटर. तळ्याच्या पृष्ठभागावरून धांवतां धांवतां तें अर्ध्या मिनिटाच्या आंतबाहेर २७,००० लिटर पाणी पोटांत घेई आणि तसेंच वर उडे.

हें ऐकतांना आमची छाती फुगली. हें तर आमच्याच घरचें शास्त्र! ज्यानें एके काळीं आग टाकली त्यानेंच आतां पाणी टाकावें, यापेक्षां सुंदर गोधडी ती कोणती? आम्ही पुतण्यास म्हणालों, “पाहिलेंस? जुनें तें सोनें म्हणतात तें उगाच नाहीं. तिकडेहि कोणी तरी ‘अजून चालेल’ म्हणणारा निघालाच!”

पुतण्या यावर कांहीं बोलला नाहीं. त्यानें मोबाईल काढला आणि एक चित्रफीत आमच्यापुढें धरली.

डोंगर, धुराचा लोट, आणि त्यापुढें चार इंजिनांचें एक भक्कम विमान. तें खालीं येतें, तांबडा पट्टा टाकूं लागतें, आणि टाकणें संपतां संपतां त्याचा एक पंख वर उचलला जातो, त्यामागोमाग दुसरा, आणि दोन्ही अंगापासून सुटतात. उरलेलें धड क्षणभर तसेंच पुढें जातें. मग आम्हीं डोळे मिटले. ही गोष्ट १७ जून २००२ ची, कॅलिफोर्नियांतील वॉकर या गांवाजवळची. विमान ‘सी-१३०ए’ जातीचें, १९५७ सालीं वायुदलासाठीं बांधलेलें. आंतले तिघेहि गेले. एका महिन्यानें, १८ जुलै रोजीं, कोलोरॅडोंत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या एका विमानाचा पंख असाच सुटला. तेथें दोघे गेले.

चौकशींत दोन्ही ठिकाणीं एकच कारण निघालें : थकवा. तार वारंवार वांकविली असतां जशी एके दिवशीं तुटते तसा धातुहि थकतो. पर्वतांच्या घळींतून खालवर उडावें, आगीवरच्या उसळत्या हवेंत हेलकावे खावे, हजारों किलो वजन कांहीं सेकंदांत सोडून द्यावें आणि त्यासरशीं वर उसळावें, हें जिणें त्या विमानांच्या रचनाकारांनीं कधीं मनांत आणलें नव्हतें. १९९४ सालीं कॅलिफोर्नियांत असेंच एक विमान पडून तिघे मेले होते. त्या वेळीं स्फोटाचें कारण मानलें गेलें. २००२ नंतर अवशेष पुन्हां तपासले तेव्हां तेथेंहि थकव्याच्या भेगा सांपडल्या.

“मग कोणाला आधीं दिसल्या कशा नाहींत?” आम्हीं विचारलें.

“वॉकरच्या विमानाची भेग जोडपत्र्याखालीं होती, काका. मजबुतीसाठीं मूळ पत्र्यावर दुसरा पत्रा बसवितात ना, त्याच्याखालीं. वरून पाहणाऱ्याला ती दिसलीच नसती.”

हें ऐकलें मात्र, आणि आमच्या डोळ्यांपुढून विमान नाहींसें झालें. तेथें एक शिडी उभी राहिली.

पाऊस लागण्यापूर्वीं आमच्याकडे दरसाल घर शाकारावें लागतें. त्यासाठीं वडिलांच्या वेळची एक बांबूची शिडी होती. तीस वर्षांपूर्वींच्या वैशाखांत आमच्या जुन्या गड्यानें ती उचलली, बोटांनीं ठोकून पाहिली, आणि तो म्हणाला, “अण्णा, यंदा शिडी नवी करूं या. हिचा बांबू निराळा वाजतो.” आमच्या परड्यांत बांबूचें बेट होतें, नव्या शिडीला पैसाहि पडला नसता. पण आम्हीं संवयीप्रमाणें शिडी हातांत घेतली, जेथें ती किंचित् सैल वाटली तेथें सुंभाचे दहाबारा वेढे स्वतःच्या हातानें आवळून दिले, पाय देऊन दाबून पाहिलें, आणि निकाल सांगितला : ‘अजून चालेल.’ तिसऱ्या दिवशीं वळचणीजवळ ती मोडली. गडी खालीं आला तो कंबरेवर, आणि पुढें जन्मभर काठीच्या आधारानें चालला. संध्याकाळीं आम्हीं सुंभ सोडून पाहिला. खालीं वीतभर भेग होती, आणि तिच्या कडा काळ्या पडलेल्या होत्या. म्हणजे आम्हीं वेढे दिले तेव्हांहि ती तेथें होती. आम्हीं शिडी मजबूत केली नव्हती. भेग झांकली होती.

त्याच्या औषधपाण्याचा सारा खर्च आम्हीं केला, आणि गांवानें त्याबद्दल आमची वाखाणणीहि केली. त्याला भेटावयास गेलों तेव्हां तो रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, “तुम्ही म्हणालांत चालेल, म्हणून चढलों.” हें वाक्य गेलीं तीस वर्षें आम्हीं कोणास सांगितलें नव्हतें. त्या रात्रीं वणव्याच्या उजेडांत पुतण्यास सांगितलें.

तेव्हांपासून आम्ही विचार करीत आहों कीं दोष जुनेपणाचा होता काय? तसें म्हणवत नाहीं. त्या चार ‘मार्स’ विमानांपैकीं एक १९६१ सालीं चौघांसह पडलें, एकाची पुढल्या वर्षीं वादळानें नासधूस केली. पण उरलेल्या दोघांनीं पुढें कित्येक दशकें सेवा केली, आणि त्यांतील ‘हवाई मार्स’ २०२४ च्या ऑगस्टांत स्वतःच्या पंखांवर उडत जाऊन वस्तुसंग्रहालयाच्या स्वाधीन झालें. उलट नवेपण म्हणजे निर्भयता असेंहि नाहीं. केवळ वणव्यासाठींच रचलेलें कॅनडाचें ‘सीएल-२१५’ विमान १९६७ सालीं प्रथम उडालें. त्याच जातीचें एक विमान २०२३ च्या जुलैंत ग्रीसमध्यें आग विझवितांना पडून दोघे वैमानिक गेले. हें काम धोक्याचेंच आहे, आणि तें पत्करणाऱ्यांना तें ठाऊक असतें. परंतु वाऱ्याचा व धुराचा धोका पत्करणें निराळें आणि झांकलेल्या भेगेचा धोका नकळत अंगावर घेणें निराळें. पहिल्यांत शौर्य आहे. दुसऱ्यांत केवळ कोणाचा तरी विश्वास आहे.

दोष आम्हांस दिसतो तो येथें : ‘चालेल’ म्हणणारा एक आणि चढणारा दुसरा. अमेरिकेंत विमानें कंत्राटदारांचीं, काम सरकारचें, आणि पंखांखालची भेग मात्र आंत बसलेल्यांची. पांच माणसें गेल्यावर तज्ज्ञांची समिति बसली, आणि २००४ च्या मे महिन्यांत ३३ मोठ्या विमानांचे करार एकदम रद्द झाले. जें पाहावयाचें तें आधीं पाहिलें गेलें नाहीं, इतकेंच. स्वतः नेसावयाच्या लुगड्याची गोधडी करणाऱ्याची काटकसर हा सद्‌गुण आहे. पण काटकसर आपली आणि जीव दुसऱ्याचा, असा व्यवहार झाला कीं त्यास निराळें नांव द्यावें लागतें. आणि तें नांव आम्हीं स्वतःस दिलेलें असल्यामुळें येथें लिहीत नाहीं.

आपल्याकडेहि हीं साधनें आलीं आहेत. २०२४ च्या एप्रिलांत नैनितालजवळच्या वणव्यावर वायुदलाच्या हेलिकॉप्टरनें भीमतालाचें पाणी टांगत्या बादलींतून नेऊन टाकलें. उद्यां सह्याद्रीवरहि एखादें विमान तांबडा पट्टा ओढीत येईल, आणि तें यावें अशीच आमची इच्छा आहे. त्या दिवशीं टाकी किती लिटरांची हें सारे विचारतील. पत्र्याखालीं कोणी पाहिलें, हेंहि कोणी तरी विचारावें.

त्या रात्रीं वणवा कातळापर्यंत येऊन आपोआप विझला. सकाळीं पुतण्या आणि आम्ही पडवींत गेलों आणि हल्लींच्या शिडीवर जेथें जेथें जादा सुंभ गुंडाळला होता तो सारा सोडला. खालीं भेग नव्हती. तेव्हां शिडी टाकली नाहीं. ती अजून चालेल. सुंभ मात्र पुन्हां गुंडाळला नाहीं. बांबू उघडाच ठेविला आहे, चढणाऱ्याला तो पाहतां यावा म्हणून.