टायमिंग कोण बांधणार?

डिस्ट्रिब्युटर म्हणजे वाटणारा. पेट्रोल इंजिनात कॉइलचा करंट तो चार प्लगांना वाटतो. ॲम्बेसेडरमध्ये पाळी ठरलेली : एक, तीन, चार, दोन. कोणाला, कधी, हे सगळं त्या मुठीएवढ्या डब्यात.

नागपुरातल्या एका गॅरेजात मी दोन वर्षं पार्ट धुतले. इंजिन खोलताना सगळं दिसायचं. पण टायमिंग बांधायची वेळ आली की उस्ताद म्हणायचा, "जाय बे, चाय घेऊन ये." चहा आणेस्तोवर बॉनेट बंद. आडनावावरून वस्ती आणि वस्तीवरून जात त्यानं पहिल्याच दिवशी काढली होती. माझ्या हातचा चहा त्याला चालायचा. कपही वेगळा नव्हता. वेगळा ठेवला होता तो फक्त इल्म. माझ्यानंतर आलेला त्याच्या नात्यातला पोरगा सहा महिन्यांत टायमिंग शिकला.

यात नवं काही नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. शटलमधून धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विटाळ. आणि पगार जास्त तो विणकामातच. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला. यंत्र विलायतेहून आलं, त्याला जात नव्हती. खात्याला होती.

म्हणून मी शनिवारी बाजारातून भंगारातला एक डिस्ट्रिब्युटर आणला आणि घरी पेपरवर खोलला. कॅप काढली, रोटर उपसला. पॉइंट जळून काळे पडलेले. हे पॉइंट दर ठिणगीला उघडतात, मिटतात आणि झिजतात. त्यांच्यात फट ठेवायची जेमतेम ०.४ मिलिमीटर. कंडेन्सर काढला. खालच्या डॉगवर खूण केली, कारण तो उलटा बसला तर रोटर समोरच्या प्लगकडे तोंड करतो. पिन पंचनं ठोकली, डॉग सुटला, शाफ्ट वर आला. त्यावर दोन वजनं, दोन स्प्रिंगा. इंजिन पळायला लागलं की ही वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. बस्स. उस्तादाचा मंत्र तो हाच!

आता यातलं ठेवायचं काय? बॉडी. इंजिनाच्या भोकात बरोबर बसणारी ही ॲल्युमिनियमची बॉडी घरी ओतता येत नाही. ॲम्बेसेडर बनणं २०१४ मध्ये थांबलं, गाड्या अजून आहेत. पण बॉडी घेण्याआधी शाफ्ट हलवून बघा. बुशात चाल असेल तर आत सोनं बसवलं तरी ठिणगी डळमळणार. लेथवर नवा बुश बसवायचा. मग पॉइंटच्या जागी हॉल सेन्सर आणि शाफ्टच्या कॅमवर चार खाचांची चकती. पुढं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. वजनं, कॅप, रोटर तेच. घासणारे पॉइंट गेले, जळणं गेलं. मी बांधलेला डिस्ट्रिब्युटर आज एका जुन्या ॲम्बेसेडरमध्ये फिरतोय. टायमिंग लाइट धरून टायमिंगही मीच बांधलं. कोणी चहाला पाठवलं नाही.

कोणी म्हणेल, मेलेली विद्या कायले शिकता? नव्या गाडीत डिस्ट्रिब्युटरच नसतो, टायमिंग कंप्युटर बांधतो. खरं आहे. म्हणूनच सांगतो. बॉनेट निदान उघडायचं तरी. कंप्युटरचा डबा सील करून येतो. त्याच्या आतलं कोणाला कळणार आणि त्याच्या बाहेर पार्ट कोण धुणार, हे आताच ठरतं आहे. जन्मावरून धंदा वाटण्यावर बाबासाहेबांनी १९३६ मध्येच घाव घातला. आपण आरक्षणाच्या जागा मोजतो, मोजल्याच पाहिजेत. पण गॅरेजात, वर्कशॉपात इल्म कोणापासून लपवला जातो, हे कोण मोजतं?

मोर्चाला येता तसे रविवारी विहाराच्या ओट्यावर या. एक डिस्ट्रिब्युटर खोलून ठेवतो. पोरींनीही यायचं. पेचकस, पाना माझ्याकडं आहे. ज्याला खोलता आला त्यानं दुसऱ्याला शिकवायचा, एवढीच फी.