कच्छच्या रणात पौर्णिमेचा मुक्काम

वाळवंटात तंबू ठोकून राहण्याची हौस बहुधा प्रशस्त घरांत वाढलेल्या माणसांना असते, असा माझा जुना समज आहे. कारण भिंतींचा कंटाळा येण्यासाठी त्या भिंती आधी एकमेकींपासून पुरेशा दूर असाव्या लागतात. माझे बहुतेक आयुष्य कुर्ल्याच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत गेले असल्यामुळे मला ही हौस कधी शिवली नाही. परंतु आमच्या कोपऱ्यावरचे कच्छी दुकानदार, ज्यांच्याकडे आमचे वाण्याचे खाते दोन पिढ्या चालू आहे, त्यांनी सौभाग्यवतींच्या कानांवर घातले की त्यांच्या मुलखात काळा डुंगर नावाच्या टेकडीवर दत्तात्रेयाचे स्थान आहे, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला पांढरे रण पाहण्यासारखे असते, आणि ती पौर्णिमा म्हणजेच दत्तजयंती. चांदण्याच्या मोहाने आमच्या घरातून कोणी हलले नसते; दत्तदर्शनाच्या निमित्ताने मात्र तिकिटे काढली गेली.

लोकमान्य टिळक टर्मिनस आमच्या उंबरठ्यावर, तेथून निम्म्या हिंदुस्थानच्या गाड्या सुटतात. पण भुजची गाडी वांद्र्याहून, म्हणून बोचकी घेऊन रिक्षाने मिठी नदी ओलांडावी लागली. दुसऱ्या दिवशी भुजला उतरून उत्तरेची वाट धरली तेव्हा माझ्या मनात असा एक विचार आला की आज परप्रांत भासणारा हा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पासून १ मे १९६० पर्यंत द्वैभाषिक मुंबई राज्यातच मोडत होता, म्हणजे काही वर्षे कुर्ल्याची आणि भुजची रयत एकाच सचिवालयाकडे अर्ज करीत होती. वाटेत कर्कवृत्त जेथे रस्त्याला छेदते तेथे एक फलक आहे आणि त्यापाशी छायाचित्र काढण्यासाठी रांग. पुढे भिरंडियाराची चौकी. हा इलाखा सरहद्दीचा असल्यामुळे नावगाव नोंदवून, ओळखपत्राची नक्कल देऊन परवाना घ्यावा लागतो. ते सोपस्कार आटोपेपर्यंत तिथला प्रसिद्ध मावा खाऊन होतो, आणि सरकारी दिरंगाई इतकी गोड लागल्याचा माझा तरी हा एकच अनुभव.

चौकीनंतर बन्नीचा गवताळ प्रदेश सुरू होतो. गवताळ म्हणावयाचे ते पूर्वपुण्याईने, कारण गवताची पुष्कळशी जागा आता विलायती बाभळीने बळकावली आहे. खारे रण पुढे सरकू नये या हेतूने ही बाभूळ सरकारनेच लावली. आता ती कोणालाच आवरत नाही, आणि मालधारी, म्हणजे तिथले गुराखी, तिला ‘गांडो बावळ’, वेडी बाभूळ, म्हणतात.

आमची तंबूवस्ती धोरडो गावाच्या वाटेवर होती. कनातीच्या आत अजरखाच्या छापाचे अस्तर, खाली सतरंजी, दोन खाटा, आणि मागच्या बाजूस कापडाच्याच आडोशाला न्हाणीघर. शेजारच्या तंबूत अहमदाबादेचे एक मोठे कुटुंब होते आणि त्यांच्या घोरण्यापासून भांडणापर्यंतचा सर्व तपशील आमच्यापर्यंत विनासायास पोहोचत होता. याबद्दल पलीकडचे एक गृहस्थ व्यवस्थापकाकडे तक्रार घेऊन गेले. आम्हांला त्यात तक्रारीजोगे काही दिसेना. शेजाऱ्याचे ऐकू येते आणि ऐकू आले नाही असे वागावयाचे असते, हा आचारधर्म चाळीत पोर बोलू लागण्यापूर्वी शिकते. सौ.नी तर तासाभरात तंबूच्या मधल्या खांबाला दोरी बांधून पंचे वाळत घातले, खाटेखाली बोचकी सरकवली, आणि जागा उरली म्हणून समाधान व्यक्त केले.

रात्री रण पाहिले. पावसाळ्यात या सखल प्रदेशावर समुद्राचे आणि नद्यांचे पाणी पसरते, शरदात ते आटू लागते आणि मागे मिठाचा थर राहतो, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले होते. परंतु त्या थरावर पाय ठेवल्यावर जो करकर आवाज होतो, आणि कडा सोडून थोडे आत गेले की पावलाखाली थर दबून काळसर चिखल वर येतो, त्याची कल्पना पुस्तकावरून येत नाही. मीठ सपाटही नसते. त्याला कंगोरे येऊन फरशीसारखे पंचकोनी-षट्कोनी तुकडे पडलेले असतात. मी एक खडा जिभेवर ठेवला. तो नुसता खारट नव्हे, कडवटही होता. चांदण्याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मी एवढेच नमूद करतो की मला चष्म्याशिवाय परवान्यावरचे माझे नाव वाचता आले, आणि उंटगाड्यांवर वाजणाऱ्या गाण्यांमुळे शांततेचा अनुभव मात्र घेता आला नाही. शांतता नसल्याचे दुःख हार्बर लाइनलगत राहणाऱ्याने करू नये हे खरे. पण तेवढ्यासाठी इतक्या दूर येणाऱ्यांनीच ती आपल्याबरोबर आणलेल्या कर्ण्यांनी घालवावी, हे मला पटले नाही.

मध्यरात्रीच्या सुमारास बाहेर कोणी चाचपडत असल्यासारखे वाटले म्हणून कनातीची कड उचलून पाहिले, तर चाकरीवरचा मालधारी पोरगा कंदील घेऊन तंबूचे ताण सैल करीत होता. दिवसा कोरड्या ठणठणीत असलेल्या सुती दोऱ्या रात्रीच्या दवाने भिजून आखडतात आणि मेखा उपटून काढतात, म्हणून झोपण्यापूर्वी त्या ढिल्या कराव्या लागतात. एक मेख त्याने काढून दाखवली. जमिनीतल्या खाराने लोखंडाचे पापुद्रे निघाले होते. “काका, दरसाल नव्या आणाव्या लागतात,” तो हिंदीत म्हणाला. झोप मोडलीच होती. म्हणून मी मुदपाकखान्याच्या शेगडीपाशी जाऊन बसलो. आचारी भुजचा, वयस्क. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात त्याचे घर बसले आणि कुटुंब कित्येक महिने मदतीच्या तंबूत राहिले. बन्नीतले भुंगे, म्हणजे मातीची गोल घरे, त्या हादऱ्यांत बऱ्याच अंशी तगले, कारण गोल भिंतीला कोपरा नसतो आणि हादरा सर्व अंगावर विभागला जातो, असे तो गवंड्याच्या अधिकाराने सांगत होता. “तुम्ही पैसे भरून तंबूत येता, याचे माझ्या म्हातारीला फार नवल वाटते,” तो म्हणाला. मी त्याला २६ जुलै २००५ सांगितला: सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, मिठी उलटून खोलीत छातीइतके पाणी, आणि आम्ही सगळे वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात. कच्छात इतका पाऊस सहसा वर्षभरातही पडत नाही. आकडा ऐकून त्याने शेगडीतले लाकूड सारखे केले आणि विचारले, “मग त्या पाण्याचे तुम्ही काय केलेत?” घरात शिरलेल्या पाण्याचे काही करावयाचे असते, हे आम्हांला कोणी कधी विचारले नव्हते.

त्या प्रश्नाचा उगम सकाळी कळला. पोरग्याने आम्हांला त्याच्या वस्तीजवळच्या कोरड्या तळ्यात नेले. तळ्याच्या पात्रात मालधाऱ्यांचे विरडे होते: दीड-दोन परस खोल खड्डे, बाजूंनी लाकडाच्या ओंडक्यांची चौकट आणि त्यांच्यामागे गवत ठासलेले. पावसाचे मुरलेले गोडे पाणी हलके, म्हणून जमिनीतल्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. ते बेताबेताने उपसले तर पुष्कळ दिवस पुरते, हावरेपणाने उपसले तर खालचे खारे वर चढते आणि विरडा बुडतो. कोणी किती घ्यावे याचा लेखी दस्तऐवज नाही, वहिवाट आहे. सौ.नी वाकून पाणी चाखले आणि पोरग्याला, त्याला मराठी येत नाही याची पर्वा न करता, पिंप भरण्याच्या पाळीवरून आमच्या मजल्यावर झालेला तंटा साद्यंत ऐकवला. “हां मासी, हां मासी,” करीत त्याने तो संपूर्ण ऐकून घेतला, आणि मला वाटते त्याला तो समजला.

दुपारी काळ्या डुंगरावर गेलो. ही कच्छमधली सर्वांत उंच जागा, तरी उंची साडेचारशे मीटरांहून थोडीच अधिक. मात्र तिथून उत्तरेकडे रणाची पांढरी पाटी क्षितिजापर्यंत आडवी दिसते. आरतीनंतर पुजारी शिजवलेल्या भाताचा प्रसाद एका चौथऱ्यावर ठेवून कोल्ह्यांना हाक घालतो. दत्ताच्या पायाशी श्वान पाहण्याची सवय असलेल्या आम्हां दोघांना कोल्हे पाहून काही विपरीत वाटले नाही; दोन आले, माणसांकडे न बघता जेवून गेले.

निघताना व्यवस्थापकाने अभिप्रायाची वही पुढे केली. आधीच्या पानांवर सूर्यास्त, चांदणे आणि दालबाटी यांची स्तुती होती, आणि गरम पाणी सकाळी सातलाच मिळते याबद्दलची नाराजी. सौ.नी चष्मा चढवून नीट मराठीत लिहिले की पाणी मोजून मिळते हे योग्यच आहे, त्यात वाढ करू नये. फक्त ते साडेपाचला सोडावे, म्हणजे बायामाणसांचे आवरून होते.