करवतीच्या पात्याचा चाकू

सोसायटीतल्या आंब्याची फांदी तारांना लागत होती म्हणून परवा तोडली. चिकाचा उग्र वास जिन्यातून वर आला तशी मी हातातलं काम टाकून कपाटातला अण्णांचा चाकू काढला. कलमं बांधून आले की त्यांच्या हातांना हाच वास असायचा. चाकूला बरेच दिवस दगड लागलेला नव्हता.

अण्णा गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. पॉवर हॅकसॉचं मोडकं पातं त्यांनी ग्राइंडरवर धरून दात उडवले आणि मिटणारा चाकू बनवला. साधं पोलाद असं चाकावर धरलं की कड निळी पडते, पाणी उतरतं. हे एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टील. जुन्या घडणीच्या एचएसएसमध्ये 18 टक्के टंगस्टन, 4 टक्के क्रोमियम, 1 टक्का व्हॅनेडियम असतं. ते लाल होईस्तोवर तापलं तरी कडकपणा सोडत नाही. त्याला ड्रिलही लागेना. म्हणून करवतीत पातं अडकवायला टोकाशी जे भोक असतं, त्यातूनच त्यांनी पितळी रिवेट घातला आणि दोन बाजूंना शिसवीच्या पट्ट्या बसवल्या. त्या भोकाच्या कडेला करवतीचा जुना निळा रंग अजून आहे.

गावच्या निसण्यावर हे पातं नुसतं घसरतं. त्याच्या पोटातले टंगस्टन-व्हॅनेडियमचे कण निसण्याच्या वाळूहून कठीण. कार्बोरंडमचाच दगड हवा, आधी जाड बाजू, मग बारीक, आणि भरपूर पाणी. कलमाचा चाकू एका अंगाने सपाट असतो. उतरती बाजू घासत राहायची, सपाट बाजूला नखाला अडेल इतकी बारीक तार उलटून येईपर्यंत. मग सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून ती तार हलक्या हाताने उतरवायची. शेवटी चामड्यावर. ते चामडंही गिरणीतल्या जुन्या पट्ट्याचा तुकडा आहे.

1982 सालच्या 18 जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर पडली. अण्णा आम्हाला घेऊन गावी आले, आणि रोज दुपारी पडवीत बसून चाकूला धार लावू लागले. ते दिवस कलमांचे नव्हते. कालचीच धार तशीच असायची. आई म्हणायची, "अहो, किती घासाल? संपेल ते." अण्णा म्हणायचे, "हे संपत नाही."

मी पुढे इंजिनिअरिंगला गेले तेव्हा हे पोलाद कुणाचं ते कळलं. अमेरिकेत बेथलहेमच्या कारखान्यात फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी अवजारांचं पोलाद वितळायच्या बेतापर्यंत तापवून पाणी द्यायची रीत काढली. 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनात त्या पोलादाचं हत्यार टोक लालबुंद झालं तरी लोखंड कापत होतं. आणि हाच तो टेलर, हातात घड्याळ धरून कामगाराची एकेक हालचाल मोजणारा. गिरणगावातला 1928 चा सहा महिन्यांचा संप झाला तोही कमी माणसांत जास्त माग चालवायच्या योजनांविरुद्धच. मला टेलरचा राग येतो. न थकणारं हत्यार ज्याने घडवलं, त्याने हत्यारामागच्या माणसाकडेही तीच मागणी करावी हे मला पटलेलं नाही. तरी हातातलं पातं मला अतिशय आवडतं.

पडवीतली ती दुपार मी पुष्कळदा आठवून पाहिली आहे. फार उशिरा लक्षात आलं, अण्णा बसायचे ती वेळ दुसऱ्या पाळीची होती. जेवण झालं की सदरा चढवायचे, बाही दुमडायचे आणि दगड पाण्यात घालायचे. सदरा कशाला, हे आईने कधी विचारलं नाही. गिरणीकडून त्यांना शेवटपर्यंत काही मिळालं नाही.

पावसाळ्यात मात्र चाकूला काम लागलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोय कलम तोवर गावोगाव नेलं होतं. कोयीतून नुकतं वर आलेलं तांबूस पानांचं रोप घ्यायचं, शेंडा छाटून मधोमध उभी चीर द्यायची, हापूसची काडी दोन्ही अंगांनी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधायची. तासणं एका ओढीत व्हायला हवं. धार बोथट असली की साल चेंगरते, सांधा काळा पडतो. अण्णा प्रत्येक काडी उजेडाकडे धरून कापलेली बाजू बघत. पांढरा, ओला, सरळ काप दिसला तरच पुढे.

आता गावी भावाची मुलगी नर्सरी चालवते. तिच्याकडे कटर असतो. "आत्या, पातं बोथट झालं की मोडायचं आणि नवं पुढे सरकवायचं. दगडावर एवढा वेळ कोण घालवणार?" तिची कलमं चांगली धरतात, नाही म्हणायला जागा नाही. पण कटरचं पातळ पातं जाडसर काडीत लवतं आणि पाचर वाकडी उतरते. अशा काड्या ती बाजूला टाकते, मी पाहिलं आहे. अण्णांच्या चाकूखाली त्या वाया गेल्या नसत्या. येत्या पावसाळ्यात चाकू, दगड, चामडं सगळं घेऊन जाणार आहे. ती नको म्हणेल. पहिल्या दिवशी तिच्याकडून फक्त सपाट बाजू टेकवून घ्यायची, असं मी ठरवलं आहे.