फुलं की हिमशिखरं?

बालमित्रांनो, उत्तराखंडातल्या दऱ्यांमध्ये भटकायचंय? मग आधी सुट्टी कधी आहे ते बघा! मी बघितलं नव्हतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात 'फुलों की घाटी' गाठली, तर समोर बर्फ आणि बोटांवर मोजण्याइतकी फुलं! दरी १ जूनला उघडते खरी, पण बहर येतो मध्य जुलै ते मध्य ऑगस्टमध्ये. तेव्हा तुमची शाळा, आणि तिथं पाऊस. दरड कोसळून रस्ताही अडतो. दरीत मुक्कामाला परवानगी नाही. घांघरियाहून सकाळी जायचं, संध्याकाळच्या आत परतायचं.

मे महिन्याची सुट्टीच हाताशी असेल, तर 'हर की दून'ला जा. वाटेत ओसला गावची लाकडी घरं, समोर स्वर्गारोहिणी शिखर. पांडव इथूनच स्वर्गाला गेले, अशी समजूत आहे. दिवाळीत आभाळ स्वच्छ असतं, पण रात्री दात वाजतात!

दोन्ही जागा साधारण साडेतीन हजार मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तेव्हा दमानं चढा.

आणि फुलांचंच वेड असेल, तर ऑगस्टमध्ये वर्गशिक्षकांकडे सरळ रजा मागा. मी तर दिली असती बुवा!