निखळ स्वर

विद्युत गिटारचे नाव काढले की आपल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते आणि ती अगदीच अकारण नसते. ध्वनिवर्धकाला कुवतीबाहेर ताणून काढलेला फाटका, गुरगुरता आवाज म्हणजेच रॉक संगीत, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु १९७८ साली निघालेल्या ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ या गीतात ‘डायर स्ट्रेट्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या मार्क नॉफ्लरने वाजविलेली गिटार काचेसारखी स्वच्छ आहे. जवळजवळ रिकाम्या पबमध्ये मनापासून वाजविणाऱ्या एका जॅझवृंदाचे ते गीत.

नाशिकच्या सातपूर वसाहतीतील एका कारखान्यात प्रेसवर काम करणारा, आमच्या गायकवृंदातील एक तरुण या स्वराने झपाटला होता. यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मध्यमेचे पेर नेले आहे. सेमिनरीत असल्यापासून मला वाद्ये उघडून पाहण्याचा नाद. तेव्हा मीही त्याच्याबरोबर बसू लागलो.

त्या जातीच्या गिटारमध्ये तारांखाली तीन पिकअप असतात. जुन्या गिटारच्या खटक्याला तीनच जागा असत, म्हणजे एका वेळी एकच पिकअप चाले. खटका दोन जागांच्या मध्ये अडकवला तर दोन पिकअप एकदम बोलतात, हे वादकांनीच शोधून काढले. दोघे एकच तार वेगवेगळ्या ठिकाणाहून ऐकतात. त्यांच्या मिश्रणात काही स्वरांश एकमेकांना खोडतात आणि तो पातळ, लखलखीत नाद उरतो. वजाबाकीचाच स्वर म्हणा ना! १९७७ पासून फेंडर कंपनीने पाच जागांचा खटका दिला. या मुलाच्या स्वस्त देशी गिटारलाही तो आहे. ध्वनिवर्धकाचा आवाज उतरवला, खटका मधल्या व पुलाजवळच्या पिकअपमध्ये ठेवला आणि एका संध्याकाळीच आवाज बराचसा जमला.

उरली बोटे. नॉफ्लर पट्टी न वापरता अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांनी तार छेडतो. फाटक्या आवाजात हलका-जड आघात एकाच पातळीवर येतो. निखळ स्वर मात्र काहीच झाकत नाही. या मुलाच्या मध्यमेखालची तार दर वेळी बोथट वाजे.

“फादर, कंप्रेसरचं पेडल घेतो. कुणाला कळणार नाही.” चढउतार सपाट करणारे ते उपकरण. त्यासाठी तो पगारातून पैसे साठवत होता. त्यात गैर काही नाही, पण वादनातला जीवही त्याबरोबर सपाट होईल, असे माझे मत. मी त्याला सांगितले, “अरे, नॉफ्लर मूळचा डावखुरा, तरी गिटार उजव्या हाताने वाजवतो.”

तो हसला. “त्याची दहाही बोटं शाबूत आहेत, फादर.”

मला उत्तर सुचले नाही.

मध्यमेचे काम अनामिकेला शिकविण्यात त्याचे तीन-चार महिने गेले. नाताळच्या स्नेहमेळाव्यात सभागृहात त्याने ते गीत वाजवले. अखेरच्या द्रुत भागात अनामिकेला तो वेग झेपत नाही. तेथे त्याने मध्यमाच वापरली आणि दर दोन-तीन सुरांनंतर तो बोथट स्वर स्पष्ट ऐकू आला. पेडलचे पैसे अजून त्याच्या पासबुकात आहेत.