चाकाचा अलंकार

‘हवा’ या शब्दाला आपल्या बोलण्यात आता एक जादा अर्थ चिकटला आहे. एखाद्याची हवा आहे, म्हणजे त्याचा बोलबाला आहे. लोक मान वळवून त्याच्याकडे पाहतात. मोटारीच्या चाकात मात्र हा अर्थ आणि मूळचा अर्थ एकमेकांच्या वाटेत येतात. गाडीची हवा करायची, तर टायरमधील हवा कमी करावी लागते. हे वाक्य कोटी म्हणून लिहिलेले नाही. गेले दोन महिने आमच्या घरात ज्यावर वाद चालला आहे, तो नेमका हाच प्रश्न आहे.

माझा पुतण्या अकोल्याला नोकरी करतो. त्याने आपल्या गाडीची पंधरा इंची चाके काढून सतरा इंची अलॉय चाके बसवली. याच गाडीतून तो महिन्यातून एकदा आपल्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, मूर्तिजापूर तालुक्यातील आमच्या गावाहून अमरावतीला डॉक्टरांकडे आणतो. आईचा मणका झिजला आहे. एकोणऐंशीव्या वर्षी त्यावर शस्त्रक्रिया नको, असे डॉक्टरांचे मत पडले. औषध, पट्टा आणि गचक्यांपासून जपणे, एवढाच इलाज आहे. नवी चाके पाहून तिने नातवाला सरळ विचारले, “चाक मोठं केलं म्हंतं तू, मंग आता गचके कमी बसतीन ना?”

हा प्रश्न भाबडा वाटला तरी भाबडा नाही. आईने आयुष्याचा मोठा भाग बंडीत आणि दमणीत बसून प्रवास केला आहे. वऱ्हाडच्या बंडीचे लाकडी चाक चांगले उंच असे. तुंबा, त्यात ठोकलेले आरे, भोवती लाकडी पाट्यांचे कडे आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. ती धाव पाणी ओतून निववली की आवळली जाई आणि सगळे चाक जखडून धरी. असे उंच चाक वाटेतल्या खड्ड्यात फारसे उतरत नसे, त्यावरून ते ओलांडून जाई. चिखलातून बैलांनाही ते ओढायला हलके पडे. मोठे चाक म्हणजे कमी गचके, हे तिचे गणित अनुभवाचे आणि बरोबर आहे. फसवा आहे तो ‘मोठे’ हा शब्द.

टायरच्या बाजूवर छापलेले आकडे आपण सहसा वाचत नाही. पुतण्याच्या जुन्या टायरवर 185/65 R15 असे होते. याचा अर्थ, रुंदी 185 मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के, म्हणजे सुमारे 120 मिलिमीटर, आणि आतील धातूच्या चाकाचा व्यास 15 इंच. नव्या टायरवर 205/45 R17 आहे. येथे भिंतीची उंची 92 मिलिमीटर भरते. आता धातू आणि रबर मिळून संपूर्ण चाकाची उंची काढली, तर जुने चाक सुमारे 621 मिलिमीटर आणि नवे 616. ‘मोठे’ चाक प्रत्यक्षात पाच मिलिमीटरने लहानच आहे! तसे ते ठेवावेही लागते. नाहीतर ते चाकावरच्या कमानीला घासेल, आणि चाकाच्या फेऱ्या मोजून वेग व अंतर सांगणारे यंत्र चुकीचे आकडे दाखवील. वाढला तो धातू. घटली ती हवेची जागा, अठ्ठावीस मिलिमीटर.

या अठ्ठावीस मिलिमीटरांचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1888 साली बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेले टायर तयार केले. (त्याआधी चार दशके रॉबर्ट विल्यम थॉमसनने तशीच कल्पना नोंदवली होती, ती तेव्हा चालली नाही.) या शोधाचे सार एवढेच, की दगड आला तर टायरने तो पोटात घ्यावा, वरच्या माणसापर्यंत पोहोचू देऊ नये. त्यासाठी टायरच्या भिंतीला वाकायला जागा हवी. भिंत आखूड झाली की खड्ड्याची कड थेट धातूपर्यंत जाते. कधी रबर त्या दोहोंत चिमटून भिंतीला फुगा येतो, कधी अलॉयला तडा जातो. साध्या पोलादी चाकाप्रमाणे ते ठोकून सरळ करण्याची सोयही बहुधा नसते. शिवाय चाक, टायर, ब्रेक हे स्प्रिंगच्या खालचे वजन. ते वाढले की उंचसखल वाटेवर चाकाला चटकन वर-खाली होता येत नाही आणि राहिलेला धक्का वर चढतो. मागच्या आसनाखाली मागची चाके जवळच असतात. आई मागेच बसते.

पुतण्याची बाजू मी येथे नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. आखूड भिंतीचे टायर वळणावर कमी डुलते, वेगात गाडी हाताशी राहते, हे खरे आहे. त्याचा रोजचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग 53, म्हणजे आपल्या ओळखीचा जुना ‘सहा नंबर’. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला दरम्यान याच महामार्गावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर लांबीचा सलग डांबरी पट्टा टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधला होता, पंचवीस किलोमीटरांचा. “काका, ज्या रस्त्याचा जागतिक विक्रम झाला, त्या रस्त्यावर मी सतरा इंच वापरू नये?” या प्रश्नाला महामार्गावर तरी माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पण आमचे गाव महामार्गावर नाही. तिथून आत वळले की पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती सुरू होते. कपाशीला जगवणारी हीच माती रस्त्याची वैरीण आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा टाकते, आणि वरचा डांबराचा थर तिच्याबरोबर वर-खाली होत राहतो. रस्ता लाटांसारखा होतो, कडा खचतात. विक्रमी रस्ता गुळगुळीत आहे, यात शंका नाही. मात्र आजीचा प्रवास त्या रस्त्यावर सुरू होत नाही.

यापलीकडे एक गोष्ट आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. आमच्या घरात मोटार आली ती या मुलाच्या कमाईतून. तो गावात शिरतो तेव्हा पारावरची माणसे गाडीकडे पाहतात, आणि त्या पाहण्यात ‘अमक्याच्या नातवाने नाव काढले’ हेही असते. शोभेला निरर्थक म्हणून उडवून लावणे सोपे आहे. ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या शोभा होती, त्यांना ते अधिक सोपे जाते. मला ते करता येत नाही.

वर्गात काव्यशास्त्र शिकवताना मम्मटाचा एक भेद मी दरवर्षी सांगतो. गुण हे शौर्यासारखे, आत्म्याला लगडलेले. अलंकार हे हारासारखे, अंगावर घातलेले. म्हणूनच ‘काव्यप्रकाशा’तील काव्याच्या व्याख्येत क्वचित अलंकाराशिवायही काव्य संभवते. हा भेद मोटारीला लावून पाहिला आणि अडलो. गाडीवरचा रंग, पट्टे, मागच्या काचेवरचे नाव हे हार आहेत. काढले तरी गाडी तशीच चालते. चाक मात्र गाडीचा पायच. तेथे अलंकार आणि अवयव एकच होतात, आणि शोभेसाठी केलेला प्रत्येक बदल चालीत उतरतो. दुसरी अडचण अशी, की हा अलंकार पाहणारा बाहेर असतो आणि सोसणारा आत. कौंडिण्यपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथून रुक्मिणीला घेऊन निघालेल्या रथाचे वर्णन करण्यात मराठी कवींनी कसूर ठेवलेली नाही. आत बसलेल्या रुक्मिणीला त्या वेगात गचके किती बसले, याची चौकशी माझ्या वाचनात आलेली नाही.

आपल्या शेतकऱ्याने मात्र हा प्रश्न फार पूर्वी आपल्या परीने सोडवला आहे. पोळ्याला बैलाची शिंगे रंगतात, अंगावर झूल चढते, गळ्यात घुंगरमाळा येतात. पण त्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेला खांदा हळद आणि तूप लावून चोळला, शेकला जातो. शोभा दुसऱ्या दिवशी. भार वाहणाऱ्या अवयवाची विचारपूस आधी, असा हा क्रम आहे. त्यात शोभेला कोठेही नकार नाही.

पुतण्याने शेवटी सतरा इंची चाके एका मित्राला देऊन सोळा इंची घेतली. टायर 195/55 R16, भिंत 107 मिलिमीटर, पूर्ण उंची जवळजवळ मूळची. पंधराच का नाही, असे मी विचारले नाही. आजीसाठी त्याने पंधरा मिलिमीटर हवा परत आणली आणि तेरा मिलिमीटर स्वतःसाठी ठेवली. पंचविशीतल्या मुलाकडून याहून अधिक मागावे, असे मला वाटत नाही. ‘अलंकार’ शब्दातील ‘अलम्’चा एक अर्थ ‘पुरे’ असा आहे, हे विद्यार्थ्यांना सांगताना यापुढे मला बहुधा 107 हा आकडा आठवेल. तो पुरेसा आहे की नाही, हे अर्थात मी किंवा पुतण्या ठरवणार नाही. पुढच्या महिन्यात अमरावतीला पोहोचल्यावर आईचा मणका ते सांगेल.