पार्किंगमधलं शेवाळ

जपानमध्ये त्सुरुओका नावाचं एक शहर आहे. तिथल्या केइओ विद्यापीठाच्या संस्थेत काम करणाऱ्या काझुहारू अराकावा यांनी आपल्या राहत्या इमारतीच्या काँक्रीटच्या पार्किंगमधून शेवाळाचा एक गोळा उचलला. त्यातून दहा टार्डिग्रेड निघाले. आठ पायांचे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे, अस्वलासारखे डुलत चालणारे प्राणी. शेवाळात ते सापडतातच, त्यात नवल नाही. नवल हे, की त्यांचा डीएनए नोंदलेल्या कुठल्याच प्रजातीशी जुळेना.

मला वाटलं, झालं की मग! जुळत नाही म्हणजे नवीन. डेटाबेसमध्ये नाही, टाका नवी ओळ.

पण तसं होत नाही. डेटाबेसमध्ये नसणं म्हणजे जगात नसणं नव्हे. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी त्याच प्राण्याचं चित्र काढून ठेवलेलं असू शकतं, आणि चित्राला डीएनए नसतो. 'मॅक्रोबायोटस हुफेलांडी' या प्रजातीचं वर्णन 1834 सालचं. ते इतकं मोघम, की पुढे दीडशे वर्षं मिळतेजुळते भलतेच प्राणी त्याच नावाखाली जमा होत गेले. 1993 मध्ये बर्तोलानी आणि रेबेक्की या इटालियन संशोधकांनी त्या गठ्ठ्याची नीट फोड केली. मुख्य आधार होता अंड्यांचा, कारण मोठे प्राणी एकमेकांसारखे दिसले तरी अंड्यांवरची नक्षी वेगळी असते.

म्हणून पार्किंगमधल्या प्राण्यांचीही दोन्हीकडून तपासणी झाली. अराकावांच्या जोडीला पोलंडच्या क्राकोव्हमधले स्तेत्स आणि मिखाल्चिक होते. नख्या, तोंडाची नळी, घशातल्या कठीण कांड्या, सगळं मोजलं गेलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अंड्यांवर बारीक, लवचिक धागे दिसले, शेवया चिकटल्यासारखे. असे धागे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या एकेका प्रजातीच्या अंड्यांवरही आहेत. डीएनएचे चार तुकडे वाचले, काही पिढ्यानपिढ्या सावकाश बदलणारे, काही भरभर बदलणारे. 2018 मध्ये 'मॅक्रोबायोटस शोनाइकस' हे नाव छापून आलं. शोनाई हा त्या भागाचा प्रदेश.

हे मी इतकं मन लावून वाचलं त्याला कारण आहे. माझी नोकरी हीच आहे. दोन नोंदी एकाच माणसाच्या की दोन माणसांच्या, हे ठरवणारा कोड मी लिहिते. नाव, जन्मतारीख, पत्ता यांचं साम्य मोजायचं, आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की 'एकच', खाली गेला की 'वेगळे'.

माझी आजी पासबुकात लक्ष्मीबाई आहे आणि पेन्शनच्या कागदावर नुसती लक्ष्मी. जन्मसालातही दोन वर्षांचा फरक. कुठल्यातरी सिस्टीमने तिच्या दोन बायका केल्या आणि पाच महिने पेन्शन थांबलं. ती सिस्टीम आमची नव्हती, पण तशीच कुणीतरी लिहिलेली. आजी खिडकीवरच्या माणसाला म्हणाली, "अरे बाळा, मी समोर उभी आहे ना?" त्याचाही नाइलाज. स्क्रीनवर त्याला दोघी दिसत होत्या.

टार्डिग्रेडवाल्यांकडेही रेषा असतात. जनुकात अमुक टक्के फरक म्हणजे बहुधा वेगळी प्रजाती. पण तो 'बहुधा' ते गिळत नाहीत. आकडा संशय घ्यायला, मग अंडं बघायला बसायचं. शिवाय नमुन्याच्या काचपट्ट्या संग्रहालयात आणि डीएनए जेनबँकेत ठेवायचा, म्हणजे उद्या कुणाला पटलं नाही तर तो पुन्हा उघडून पाहील. आमच्या कोडमध्ये निकाल तेवढा उरतो, कशावरून लावला ते नाही.

गेल्या आठवड्यात मी मीटिंगमध्ये तिसरा पर्याय मांडला: रेषेच्या आसपासच्या जोड्या माणसाकडे पाठवायच्या, आणि निकालासोबत त्याचं कारण साठवायचं. मॅनेजरने विचारलं, एक माणूस दिवसाला किती जोड्या बघेल? मी म्हटलं, दोनशे. तो बराच वेळ एक्सेलकडे बघत बसला. बजेट पुढच्या तिमाहीत बघू, असं ठरलंय.